शिंपल्याचं वय कसं काढायचं: ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

शिंपल्याच्या पाठीवरची वलयं मोजायला दहा मिनिटं पुरतात. त्यातलं कुठलं वलय वर्षाचं, कुठलं पंधरवड्याचं आणि कुठलं नुसत्या एखाद्या धक्क्याचं, हे ठरवायला महिने जातात. वय काढणं म्हणजे मुख्यतः हे दुसरं काम. वलय कशामुळे पडलं हे सिद्ध होत नाही तोवर हाती आलेला आकडा वलयांचा असतो, वर्षांचा नसतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आइसलँडजवळच्या समुद्रातलं आहे. २००६ साली तिथून 'आर्क्टिका आयलँडिका' जातीचा एक शिंपला वर आला. वेल्समधल्या बँगर विद्यापीठाच्या संशोधकांनी आधी त्याच्या बिजागरीजवळच्या रेषा मोजल्या आणि वय चारशेच्या थोडं वर निघालं. चीनच्या मिंग घराण्याच्या काळातला म्हणून त्याला 'मिंग' हे नाव पडलं. पुढे २०१३ मध्ये शिंपल्याच्या बाहेरच्या कडेवरून फेरमोजणी झाली, तेव्हा वय ५०७ वर्षं ठरलं. बिजागरीत रेषा इतक्या दाटल्या होत्या की अनेक रेषा एकमेकींपासून सुट्या दिसतच नव्हत्या. मोजणारे या विषयातले जाणकार होते, हाताशी उत्तम प्रयोगशाळा होती, तरी मोजण्याची जागा बदलल्यावर शंभर वर्षांचा फरक पडला.

५०७ वर्षं म्हणजे जन्म १४९९ चा. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली तेव्हा तो जीव ३५ वर्षांचा होता. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा २४० चा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हा त्याने साडेतीनशे ओलांडले होते. आणि एवढ्या आयुष्यात शिंपला वाढला तो सुमारे ८७ मिलिमीटर. सरासरी काढली तर वर्षाला ०.१७ मिमी, आणि म्हातारपणी त्याहूनही पुष्कळ कमी.

असे शिंपले थंड पाण्यात मिळतात. तिथे शरीराचे व्यवहार संथ चालतात, वाढ सावकाश होते, आयुष्य लांबतं. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा 'जिओडक' दीडशे वर्षांपुढे जातो. युरोपातल्या थंड नद्यांमधले मोत्यांचे शिंपले शंभरी सहज गाठतात. आपल्या खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्यांचं आयुष्य मोजक्याच वर्षांचं. मग ठाण्यात बसून हे शिकायचं कसं? उत्तम शिकता येतं. लांब आयुष्याच्या शिंपल्याला लागणारं प्रत्येक कौशल्य, म्हणजे कापणं, घासणं, रेषा ओळखणं, खोटी रेषा वगळणं आणि रेषेची शहानिशा करणं, आपल्या बाजारातल्या शिंपल्यावर करता येतं. शिवाय आपल्याकडे भरती-ओहोटीचं अंतर मोठं आहे. उधाणाला ते पाच मीटरच्या आसपास जातं. त्यामुळे इथल्या शिंपल्यांत वर्षाहून खूप बारीक घड्याळ सापडण्याची शक्यता आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

रेषा पडते कशी

शिंपल्यातल्या जिवाच्या अंगावर मांसाचा एक पातळ पडदा असतो, त्याला प्रावार म्हणतात. त्याच्या कडेतून चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पाझरतं आणि शिंपल्याच्या कडेला नवा थर चढतो. त्यामुळे सगळ्यात जुना भाग वरच्या चोचीपाशी, बिजागरीजवळ, आणि सगळ्यात नवा भाग खालच्या कडेला. ही दिशा डोक्यात पक्की ठेवा, पुढची सगळी मोजणी तिच्यावर चालते.

पाणी वर असताना शिंपला तोंड उघडून श्वास घेतो, खातो, चुना घालतो. ओहोटीला उघडा पडला की झडपा, म्हणजे शिंपल्याचे दोन अर्धे भाग, गच्च मिटतो. आत प्राणवायू संपतो, आम्ल तयार होतं आणि ते नुकत्याच घातलेल्या चुन्याचा थोडा अंश विरघळवतं. चुना गेला तरी त्यातला सेंद्रिय भाग मागे राहतो आणि तिथे गडद रेषा उमटते, असं यामागचं मान्य स्पष्टीकरण आहे. पाणी आलं की पुन्हा चुन्याचा फिकट पट्टा.

वाढ जास्त काळ अडली तर रेषा ठळक होते. अशी अडवणूक अनेक कारणांनी होते. थंड देशांत हिवाळा. आपल्याकडे पावसाळा, कारण जून ते सप्टेंबर खाडीत गोडं पाणी उतरतं, खारटपणा घसरतो आणि शिंपली मिटून बसते. अंडी सोडण्याचा काळ हेही एक कारण, तेव्हा शक्ती तिकडे खर्च होते. खेकड्याने कड तोडली, जाळ्याने चिखल उपसला, गाळाचा थर वर बसला, तरी रेषा पडते. म्हणजे ठाणे खाडीतल्या शिंपलीवर एका वर्षात एकाहून जास्त ठळक वलयं असू शकतात. थंड समुद्रातलं 'एक वलय, एक वर्ष' हे गणित इथे तसंच लावलं तर वय दुप्पटही येईल.

शिंपले कुठून आणायचे

खाडीत उतरू नका. ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथून काही उचलणं बेकायदा आहे, आणि चिखल कंबरेपर्यंत ओढून घेतो हे वेगळंच. कांदळवन, चिखलाची मैदानं आणि भरतीचं पाणी नीट बघायचं असेल तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे जरूर जा.

शिंपले बाजारातून घ्या. दिवाळे, वाशीगाव, सारसोळे, ठाण्यात चेंदणी-कोपरी, जिथे तिसऱ्या किंवा शिंपल्या दिसतील तिथून. विचारायचं एवढंच: "मावशी, माल खाडीचा की बाहेरचा? कुठल्या गावाचा? कधी काढलाय?" बराचसा माल रायगड-रत्नागिरीकडूनही येतो, त्यामुळे उत्तर लगेच वहीत लिहा. गाव आणि दिवस कळला नाही तर तो शिंपला हात बसवण्यापुरता ठेवा, वयाच्या कामाला घेऊ नका. काढल्याचा दिवस महत्त्वाचा असतो, कारण कडेवरची शेवटची रेषा त्या दिवसाच्या जवळपासची. साऱ्या मोजणीत खात्रीची अशी ती एकच तारीख.

मोठाले पाहून निवडू नका. मिसळ माल घ्या, लहान-मोठे सगळे. आणि महिन्या-महिन्याला त्याच मावशींकडे जा. आपण शिंपल्या नुसत्या खायला नेत नाही हे कळलं की त्या फार आस्थेने मदत करतात. कुठल्या महिन्यात माल भरलेला असतो आणि कधी पोकळ, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणाला सांगता येणार नाही. ही माहिती अंडी सोडण्याच्या काळाशी जुळते, म्हणून तीही टिपून ठेवा.

खाण्याबद्दल एक सूचना. शिंपली पाणी गाळून जगते, आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचं सांडपाणी अनेक दशकं या खाडीत आलेलं आहे. माल खाडीचाच असेल तर मांस टाकून द्यावं, असं माझं मत.

कोणी लक्षद्वीपहून आणलेला राक्षसी शिंपला दाखवला तर त्याला हात लावू नका. 'ट्रायडॅक्ना' हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचा शिंपला बाळगणंही गुन्हा ठरतं.

साफसफाई आणि मापं

तोंड उघडेल इतपत वाफवा, मांस काढा, दात घासायच्या जुन्या ब्रशने धुवा, सावलीत वाळवा. विस्तवावर भाजू नका, उष्णतेने चुन्याची रचना बदलते. ब्लिचिंगही नको, बाहेरचं तपकिरी साल आणि रेषांमधला सेंद्रिय भाग त्याने जातो, आणि आपल्याला नेमका तोच हवा आहे.

दोन्ही झडपांवर आतून न पुसणाऱ्या पेनने एकच क्रमांक घाला. वहीत क्रमांक, जात, गाव, काढल्याची तारीख, तिथी. तिथी का, ते पुढे येईल.

मापं व्हर्नियरने, दशांश मिलिमीटरपर्यंत. हार्डवेअरच्या दुकानातला साधा डिजिटल व्हर्नियर चालतो. पुढून मागे ती लांबी, चोचीपासून खालच्या कडेपर्यंत ती उंची, दोन्ही झडपा मिटून जाडी. पुढची बाजू कुठली? बिजागरीबाहेरचा तपकिरी रबरासारखा पट्टा चोचीच्या मागच्या बाजूला असतो आणि चोच बहुतेक वेळा पुढे झुकलेली असते. बिजागरी वर आणि पुढची बाजू आपल्यापासून लांब अशी धरली की उजव्या हाताची ती उजवी झडप. कापायला नेहमी एकाच बाजूची घ्या.

आधी पाठ वाचा

झडप दिव्यासमोर तिरकी धरा. चोचीभोवतीची, कडेला समांतर जाणारी वलयं दिसतील. इथे नवशिक्याची पहिली फसगत होते. तिसरीच्या पाठीवर ज्या उठावदार, सारख्या अंतराच्या कंगोऱ्या असतात, ती तिची नक्षी. त्या मोजून वय निघत नाही. रक्तशिंपल्यावर चोचीपासून कडेकडे पसरणाऱ्या जाड धारा असतात, त्यांचाही वयाशी संबंध नाही. त्या धारांना आडवं छेदून जाणारी खूण शोधायची. गुळगुळीत, चकचकीत पाठीच्या जाड शिंपल्या, म्हणजे 'मेरेट्रिक्स' प्रजातीतल्या, शिकायला सगळ्यात सोयीच्या.

खरी वाढ-रेषा झडपेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाते आणि दोन्ही झडपांवर त्याच जागी असते. एकाच झडपेवर किंवा अर्ध्यातच थांबलेली रेषा म्हणजे जखम किंवा धक्का. या एका कसोटीवर निम्म्या खोट्या खुणा गळतात. उरलेल्या ठळक वलयांची चोचीपासूनची अंतरं मोजून लिहा, पण अजून त्यांना वर्षं म्हणू नका.

कापणं आणि घासणं

पाठीवरून जे दिसतं ते ढोबळ. खरं वाचन आडव्या छेदात होतं. प्रयोगशाळेत शिंपला राळेत बुडवून मंद गतीच्या हिऱ्याच्या पात्याने कापतात. घरी वेळ जास्त लागतो, पण काम होतं.

चोचीच्या टोकापासून खालच्या कडेवरच्या सगळ्यात लांबच्या बिंदूपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढा. हा वाढीचा मुख्य अक्ष. रेघेच्या दोन्ही बाजूंना, आतून आणि बाहेरून, अ‍ॅरल्डाइटचा जाडसर थर द्या आणि पूर्ण एक दिवस सुकू द्या. सावकाश सुकणारं घ्या. झटपट सुकणारं मऊ राहतं आणि घासताना कड तुटते. कडेचा शेवटचा मिलिमीटर गेला तर आपली एकमेव खात्रीची तारीख गेली, म्हणून कडेवर अ‍ॅरल्डाइट सढळ हाताने लावा.

मग बारीक दात्यांच्या हॅक्सॉने, पाणी सोडत, रेघेपासून दोन मिलिमीटर लांब राहून कापा. ते दोन मिलिमीटर घासून रेघेपर्यंत यायचं. मार्बल कापणाऱ्याकडे नेण्याचा मोह होईल, पण कोरड्या चाकाची धूळ आणि उष्णता दोन्ही वाईट. शिंपल्याची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका: सगळं ओलं घासा, तोंडाला मास्क लावा.

सपाट काचेवर वॉटर पेपर ओला करून ठेवा. क्रम २२०, ४००, ६००, १०००, २०००. प्रत्येक कागदावर घासायची दिशा काटकोनात बदला आणि आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढे जाऊ नका. कागद बदलताना तुकडा आणि हात दोन्ही धुवा, मागचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो. शेवटी मऊ कापडावर धातू चमकवायचं पॉलिश. तुकडा आरशासारखा दिसला पाहिजे. चोचीपासून कडेपर्यंतचा छेद अक्षावर नसला तर रेषा तिरक्या कापल्या जातात, त्यांच्यातलं अंतर मोठं दिसतं आणि वाढीचा वेग फुगतो.

आता घरातलं साधं पांढरं व्हिनेगर. त्यात चार-पाच टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असतं. घासलेली बाजू एक मिनिट बुडवा, बुडबुडे येतील. धुऊन, वाळवून भिंगाखाली बघा. कमी वाटलं तर आणखी एक मिनिट. रेषा आणि मधला चुना वेगवेगळे झिजतात, म्हणून पृष्ठभागावर बारीक उंच-सखल तयार होतं. जास्त वेळ ठेवलंत तर सगळंच भुसभुशीत होतं आणि परत घासावं लागतं.

या उंच-सखल पृष्ठभागाचा साचा घ्यायचा. प्रयोगशाळेत अ‍ॅसिटोन आणि अ‍ॅसिटेटची पातळ पट्टी वापरतात. पानाची पर्णरंध्रं बघायला शाळेत पारदर्शक नेलपॉलिश वापरतात, तीच युक्ती इथेही चालते. पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून अलगद उचला आणि काचपट्टीवर चिकटवा. साधा शालेय सूक्ष्मदर्शक, ४० ते १०० पट, पुरेसा. फोटो काढताना त्याच भिंगाखाली मिलिमीटर पट्टीचाही एक फोटो घ्या. नंतर 'इमेज-जे' या मोफत प्रणालीत त्यावरून अंतरं मोजता येतात.

भरतीचं घड्याळ

छेदात बाहेरच्या थराकडे बघा. तिथे कडेला जवळपास समांतर अशा अतिशय बारीक रेषांची रांग दिसेल. नीट पाहिलं तर त्या सारख्या नसतात. काही अंतर दाट आणि ठळक, मग विरळ आणि फिकट, पुन्हा दाट. नऊवारीच्या निऱ्या कुठे घट्ट, कुठे सैल पडाव्यात तसं.

याचं कारण खाडीकाठच्या कोणालाही ठाऊक आहे: उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. चिखलाच्या खालच्या अंगाला बसलेली शिंपली एरवी पाण्यातच असते, उधाणाच्या ओहोटीला मात्र उघडी पडते, म्हणून तेव्हाच्या रेषा ठळक. अष्टमीच्या आसपास, भांगात, पाणी फारसं हलत नाही आणि रेषा पुसट होतात.

आता आकडे. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं. उधाण ते उधाण १४.८ दिवस. तेवढ्या काळातल्या रेषांच्या गटाला आपण जुडगं म्हणू, म्हणजे एका जुडग्यात २८-२९ भरत्या. वर्षात सुमारे ७०५ भरत्या आणि पावणेपंचवीस जुडगी. जुडगी मोजली की पंधरवडे मिळतात. पावसाळ्याच्या गोंधळलेल्या वलयावर विसंबण्यापेक्षा हे मोजमाप किती तरी भक्कम.

एक जुडगं निवडा आणि त्यातल्या रेषा मोजा. २८ च्या आसपास आल्या तर घड्याळ भरतीचं. १४-१५ आल्या तर दिवसाला एकच रेषा पडते आहे किंवा एकाआड एक रेषा तुमच्या नजरेतून सुटते आहे. भिंग वाढवून पुन्हा बघा. मग कडेपासून, म्हणजे काढल्याच्या दिवसापासून, मागे चाला. इथे तिथी कामी येते. कोकणातला जुना हिशोब: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. खाडीत आत ठाण्याकडे पाणी थोडं उशिरा पोचतं. शिंपली अमावास्येला काढली असेल तर कडेशी ठळक रेषा हव्यात, अष्टमीला काढली असेल तर पुसट. जुळलं नाही तर मावशींनी सांगितलेली तारीख किंवा तुमचं वाचन, दोहोंतलं एक चुकलेलं आहे.

पुढची कसोटी पावसाळ्याची. समजा माल १५ फेब्रुवारीचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून तिथपर्यंत साधारण साडेचार महिने, म्हणजे नऊ जुडगी. कडेपासून नऊ जुडगी मागे गेल्यावर रेषांची गर्दी आणि गडद पट्टा लागला तर तो पट्टा पावसाळ्याचा मानायला आधार मिळाला. चार जुडग्यांवरच एखादा पट्टा लागला तर तो दुसऱ्या कशाचा तरी.

या घड्याळाची मर्यादाही माहीत असू द्या. शिंपली मिटून बसली, वाढलीच नाही, तर रेषाही पडत नाही. पावसाळ्यात कित्येक भरत्या नोंद न होता जातात. त्यामुळे रेषा मोजून आलेलं वय हे किमान वय असतं. खरं वय तेवढं किंवा त्याहून जास्त.

वलय वर्षाचंच, हे सिद्ध करणं

हे काम वर्षभर चालतं आणि मला वाटतं, नवशिक्याने सुरुवातीलाच ते हाती घ्यावं, कौशल्य येण्याची वाट बघू नये. दर महिन्याला एकाच गावचा माल, साधारण एकाच मापाच्या वीस-तीस शिंपल्या. प्रत्येकीत शेवटच्या गडद पट्ट्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला त्याआधीच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराने भागा. महिन्याची सरासरी आलेख कागदावर मांडा. नवा पट्टा पडला की हा आकडा शून्याजवळ घसरतो, मग हळूहळू चढतो. वर्षात एकदाच घसरला तर पट्टा वार्षिक. दोनदा घसरला तर वर्षाला दोन पट्टे, आणि मोजलेल्या वलयांना दोनने भागायचं. कुठलाच आकार आला नाही तर ते वलय वयासाठी निरुपयोगी, आणि तुम्ही जुडग्यांवरच भर द्यायचा.

एवढ्याच मालातून लांबीचाही आलेख करता येतो. दोन-दोन मिलिमीटरचे गट पाडून किती शिंपल्या कुठल्या गटात हे मांडा. एकाच हंगामात जन्मलेल्या एकत्र उंचवटा करतात आणि तो उंचवटा महिन्यागणिक उजवीकडे सरकतो. बाजारातल्या मालात बारक्या शिंपल्या नसतात, त्यामुळे पहिला उंचवटा अर्धवट येतो. निष्कर्ष काढताना तेवढं ध्यानात ठेवा.

वाढीची रेघ

शिंपली लहानपणी भराभर वाढते, मग मंदावते. फॉन बर्टालन्फी या शास्त्रज्ञाचं समीकरण हेच मांडतं: दरवर्षीची वाढ आधीच्या वर्षाच्या ठरावीक पटीने घटते आणि लांबी एका कमाल मर्यादेकडे सरकत राहते. समजायला एक कल्पित शिंपली घेऊ. कमाल लांबी ६० मिमी, वाढीचा गुणांक (कमाल लांबीकडे किती झपाट्याने जाते ते सांगणारा आकडा) ०.८. पहिल्या वर्षाअखेर ३३ मिमी, दुसऱ्या वर्षाअखेर ४८, तिसऱ्या वर्षाअखेर ५४.६. वाढ ३३, मग १५, मग जेमतेम ७. दर वेळी आधीच्या सुमारे ०.४५ पट.

हातात वार्षिक पट्ट्यांची अंतरं असली की समीकरण न सोडवताही हे काढता येतं. आलेख कागदावर आडव्या अक्षावर या वर्षाची लांबी, उभ्यावर पुढच्या वर्षाची. बिंदू साधारण सरळ रेघेत येतात. ही रेघ जिथे ४५ अंशांच्या रेघेला भेटते ती कमाल लांबी. रेघ जितकी उभी, तितकी वाढ सावकाश.

याच आकड्यांतून रेषा किती बारीक असतील हेही कळतं. पहिल्या वर्षी ३३ मिमी भागिले ७०५ भरत्या, म्हणजे दर भरतीला ०.०५ मिमीच्या आत. तिसऱ्या वर्षी ०.०१. म्हणून रेषा ओळखायला शिकताना चोचीकडच्या तरुण भागातल्या रुंद रेषांवर नजर बसवा, मग कडेकडच्या दाट भागाकडे या.

शतकांच्या शिंपल्यांकडे

थंड समुद्रातल्या शिंपल्यांत भरतीच्या रेषांऐवजी वार्षिक रेषा मोजतात, आणि तिथे एका शिंपल्यावर कोणी विसंबत नाही. एकाच समुद्रतळावरचे शिंपले चांगल्या-वाईट वर्षांचा एकच क्रम नोंदवतात. तो क्रम शिंपल्या-शिंपल्यांत जुळवला की सुटलेली किंवा जास्तीची रेषा पकडता येते. जिवंत पकडलेल्याचा सुरुवातीचा काळ मेलेल्याच्या शेवटच्या काळाशी जुळवत मागे जाता येतं. आइसलँडच्या उत्तरेला अशी सलग १३५७ वर्षांची नोंद उभी राहिली आहे.

ही जुळवणी झाडांच्या वलयांकडून आली, आणि तिचा सराव ठाण्यात सागवानावर होतो. उष्ण प्रदेशातल्या थोड्याच झाडांना स्पष्ट वार्षिक वलयं असतात, साग त्यांतला. लाकडाच्या वखारीतून एकाच ओंडक्याचे दोन-तीन आडवे तुकडे मागून आणा आणि घासून गुळगुळीत करा. आलेख कागदाच्या पट्टीवर प्रत्येक वलयासाठी एक घर. शेजाऱ्यांपेक्षा वलय अरुंद असेल तर तिथे उभी रेघ, जितकं अरुंद तितकी लांब. मग पट्ट्या शेजारी ठेवून सरकवत जुळवा. सगळ्या उंच रेघा एकाच जागी येतील तेव्हाच जुळलं. मधूनच पुढच्या रेघा एक घर सरकलेल्या दिसल्या तर एका तुकड्यात वलय सुटलंय. इथे शेजाऱ्यांशी तुलना महत्त्वाची, कारण म्हातारपणची सगळीच वलयं अरुंद असतात. वयाचा तो उतार वजा केल्याशिवाय वाईट वर्ष आणि म्हातारपण वेगळं ओळखू येत नाही.

यापुढच्या कसोट्या मोठ्या प्रयोगशाळेतल्या. रेषेरेषेतला चुना खरवडून त्यातल्या जड आणि हलक्या प्राणवायूचं प्रमाण काढतात. पाणी थंड असेल तर जड प्राणवायूचा वाटा वाढतो, पावसाचं गोडं पाणी मिसळलं तर तो घटतो. म्हणजे आपल्या खाडीत पावसाळ्याचा पट्टा यातून उघड व्हायला हवा. दुसरी कसोटी किरणोत्सर्गी कार्बनची. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला हा कार्बन एकदम वाढवला आणि तो समुद्रातही उतरला. शिंपल्यात ती वाढ ज्या वलयापासून दिसते, त्या वलयाचा काळ ठरतो आणि मोजणी बरोबर आहे का हे कळतं.

नोंद कशी लिहायची

एकच छेद दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचा, आणि शिंपल्याची लांबी मोजणाऱ्याला माहीत नसावी. मोठा शिंपला दिसला की डोळा आपोआप जास्त रेषा शोधतो. निदान काही दिवसांच्या अंतराने स्वतःच पुन्हा मोजा, जुना आकडा न बघता. दोन वाचनांत फरक आला तर दोन्ही लिहा, सरासरी काढून फरक लपवू नका. वहीत असं लिहावं: क्रमांक, उंची, ठळक वलयं तीन, जुडगी ३१ ते ३४, पावसाळी पट्टा कडेपासून नवव्या जुडग्यावर, किमान वय सव्वा वर्ष. ठळक वलयं तीन आणि वय सव्वा वर्ष हे शेजारी वाचायला विचित्र वाटेल, पण दोन्ही पाहिलेलं आहे, म्हणून दोन्ही ठेवायचं.

कापलेला तुकडा, त्याचा साचा आणि न कापलेली जोडीची झडप एकाच पुडीत, एकाच क्रमांकाने, कोरड्या डब्यात. पुढे कोणी तुमची मोजणी तपासायला घेतली तर त्या व्यक्तीला न कापलेली झडप लागेल.